पूजेपुरत्या सोडलेल्या गाड्या

हे मी अजून कुणाच्याही कानावर घातलेलं नाही. नवऱ्याच्या नाही, बहिणीच्याही नाही. आणि बहिणीपासून मी काहीच लपवत नाही, तिच्या सासूबद्दल माझं खरं मत काय आहे तेसुद्धा तिला माहीत आहे. पण हे नाही. कितीदा जिभेवर आलं आणि गिळलं. तुम्हाला सांगतेय, कारण तुम्ही मला ओळखत नाही — नाही, थांबा, हेही खरं नाही. तुम्हाला सांगतेय कारण तुम्ही मला मध्येच अडवून 'जाऊ दे गं, एवढं काय मनाला लावून घेतेस' असं म्हणू शकत नाही. मला ते ऐकायचं नाही.

सुरुवात कुठून करू? गाड्यांपासून करते. गाड्यांबद्दल बोलताना लाज जरा कमी वाटते.

मी तेव्हा वाशीला एका फायनान्स कंपनीत होते. नव्वदचं दशक अर्ध्यावर आलं होतं. गल्लोगल्ली अशा कंपन्या निघाल्या होत्या. ट्रकला कर्ज, टेम्पोला कर्ज, मागेल त्याला कर्ज. न्हावा शेव्याचं बंदर जोरात चाललेलं. ज्याची जमीन संपादनात गेली तो मोबदला खिशात घालून गाडी बुक करायला यायचा. माझे वडील मार्केटात माथाडी, मूळचे साताऱ्याकडचे. कोपरखैरण्याच्या दोन खोल्यांत राहून पोरगी वकील झाली याचा त्यांना एवढा अभिमान, की गावाकडचं कोणी आलं की मला काळा कोट घालून दाखवायला लावायचे. कंपनीच्या लीगल डिपार्टमेंटमध्ये कोण होतं? मी आणि एक लोखंडी कपाट. बाकी सगळी वसुलीची माणसं, सगळे पुरुष. साहेब त्यांना केबिनमध्ये बसवून चहा पाजायचे आणि मला नोटिसा टाइप करायला द्यायचे. कुणी मला विचारत नव्हतं, कुणी माझं — बघा, लागले लगेच कारणं सांगायला! वकिली सवय, जात नाही. हा भाग सोडून द्या.

एक गोष्ट मात्र समजून घ्या, नाहीतर पुढचं कळणार नाही. कर्जावर घेतलेल्या गाडीवर मालकाशिवाय आणखी दोघांचा हक्क असू शकतो. एक आमच्यासारख्या कंपनीचा. गाडी तुमच्याकडे, पण ती आमच्याकडे तारण. हप्ते थकले की आम्ही उचलून आणणार. हा हक्क कागदावर असतो. दुसरा हक्क कारागिराचा. ज्यानं त्या गाडीवर आपलं लाकूड, आपला पत्रा, आपली मेहनत घातली, त्याला मजुरी मिळेपर्यंत ती गाडी अडवून ठेवता येते — मालकालाही द्यायची नाही आणि फायनान्सवाल्यालाही नाही. पुस्तकात याला धारणाधिकार म्हणतात, ऑफिसात आम्ही लिअन म्हणायचो. त्याला कागद लागत नाही. एकच लागतं, गाडी त्याच्या ताब्यात पाहिजे. त्यानं आपल्या हातानं ती फाटकाबाहेर सोडली की हक्क संपला.

कळंबोलीत तर लिअन हा शब्दही कुणी वापरत नव्हतं. तिथे ट्रकच्या बॉड्या बांधणाऱ्यांची साधी पद्धत होती. नवी चासी, म्हणजे बॉडीशिवायचा नुसता सांगाडा, शेडमध्ये आली की पहिल्या दिवशीच तिचं स्टेअरिंग काढायचं आणि आपल्या ऑफिसात खिळ्याला अडकवायचं. बॉडी झाली, रंग झाला, मजुरी हातात पडली की स्टेअरिंग परत. मग मालक कितीही मोठा असो.

इस्माईलभाईंच्या ऑफिसात अशी कायम दोन-चार स्टेअरिंगं लटकलेली असायची. ते मूळचे मोऱ्याचे, उरणच्या जेट्टीजवळचं खानदानी घर. वडील होड्या बांधायचे, यांनी होड्यांवरून ट्रकवर उडी मारली. उंच माणूस, पोट सुटलेलं, आणि आवाज? बाप रे. सुतारावर ओरडायचे, वेल्डरवर ओरडायचे, रंगाऱ्याच्या तर सात पिढ्या काढायचे, आणि तोच रंगारी गेली कित्येक वर्षं त्यांच्याचकडे टिकून होता. चिक्कूही तितकेच. चहा मागवला तर दोघांत एक कटिंग. फार साधेसुधे, देवमाणूस वगैरे होते असं मी म्हणणार नाही. पण मी शेडमध्ये पाऊल टाकलं की टेबलफॅन स्वतःकडून वळवून माझ्याकडे करायचे, हे मात्र खरं.

मला तिथे जावं लागायचं. आमच्या कर्जाच्या चासी तिथे उभ्या असत, त्या जागेवर आहेत का ते बघून यायचं काम माझ्या गळ्यात पडलं होतं. उन्हातान्हात कळंबोलीला कोण जाणार? वसुलीवाले नाही. मग पाठवा बाईंना. मी चासीचे नंबर ताडून बघायचे, मग त्यांच्या पत्र्याच्या ऑफिसात बसायचे. ते मला 'वकीलबाई' म्हणून चिडवायचे, खूश असले की 'ताई'. एकदा मी ऐटीत त्यांना लिअनचा अख्खा कायदा समजावून सांगितला. गाडी ताब्यात आहे तोवर तुमची, बाहेर गेली की संपलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि खिळ्याकडे बोट दाखवून म्हणाले, "मंग ही काय मी शोभेला लावलीत?" मी इतकी हसले! खरंच सांगते, त्या ऑफिसात मला बरं वाटायचं. वाशीच्या ऑफिसात नाही वाटायचं.

आता जनूशेठ. उरणकडचे आगरी, इस्माईलभाईंचे लहानपणापासूनचे दोस्त. एकमेकांना 'जन्या' आणि 'इसम्या' म्हणणारी दोन पन्नाशीची माणसं. जनूशेठनी आमच्याकडून कर्ज काढून तीन ट्रक घेतले आणि बॉड्या बांधायला अर्थातच दोस्ताकडे दिल्या. बंदरात माल वाहायचं काम मिळणार होतं, कुणीतरी शब्द दिला होता. बॉड्या तयार झाल्या, कपाळावर एकवीरा आईचं नाव लिहून झालं, आणि ते काम गेलं दुसऱ्याच कुणाला. हप्ते थकले. इस्माईलभाईंची मजुरीही थकली. दोस्ती दोस्तीच्या जागी, पण तिन्ही स्टेअरिंगं खिळ्यालाच राहिली.

आणि त्या तीन गाड्यांत इस्माईलभाईंचं सगळं अडकलं होतं. लाकूड त्यांनी वखारीतून उधारीवर उचललेलं, पत्रा उधारीवर. मजुरी मिळाली तर शेड राहणार, नाही मिळाली तर वखारवाला मशिनं उचलून नेणार. हे मला कुणी दुसऱ्यानं सांगितलं नव्हतं. त्यांनीच, अर्धा चहा माझ्या कपात ओतता ओतता सांगितलं होतं. मला सगळं ठाऊक होतं — हे लक्षात ठेवा.

साहेबांना त्या गाड्या हव्या होत्या. विकून पैसे मोकळे करायचे होते. बाहेरच्या मोठ्या वकिलांचा सल्ला घेतला, तर ते म्हणाले, गाड्या कारागिराच्या ताब्यात आहेत, आधी त्याची मजुरी द्या आणि मग घेऊन जा. साहेबांचा संताप झाला. आमच्याच गाड्या सोडवायला आम्ही पैसे द्यायचे? वसुलीवाल्यांनी मारामारीच्या गोष्टी सुरू केल्या. रात्री फाटक तोडू, क्रेन लावू, असलं काहीतरी. त्या दिवशी मलाही केबिनमध्ये बोलावलं होतं, कारण फाइल माझ्याकडे होती. पहिल्यांदाच मी त्या सोफ्यावर बसले होते. चहा माझ्याही पुढे आला.

आणि मी म्हटलं, "सर, दसरा येतोय. पूजेला गाडी मागितली तर इस्माईलभाई नाही म्हणणार नाहीत."

झालं. एवढंच. कुणी माझ्या डोक्याला बंदूक लावली नव्हती. कुणी विचारलंही नव्हतं. नंतर कंपनीत सगळे म्हणायचे, साहेबांनी काय डोकं चालवलं! साहेबही नाही म्हणत नसत. पण ते डोकं माझं होतं. वर्षानुवर्षं मी स्वतःलाही सांगत आले, की मला वरून ऑर्डर होती. कसली ऑर्डर? कल्पना माझी होती, आणि ती सुचली तेव्हा मला आनंद झाला होता. साहेब माझ्याकडे वळून बघत होते. 'व्हेरी गुड' म्हणाले. मी लाजले.

इस्माईलभाई नाही म्हणणार नाहीत, हे मला कसं माहीत? कारण मी त्यांची खंडेनवमी बघितली होती. शेडमधले बहुतेक कारागीर हिंदू. आदल्या वर्षी त्या दिवशी मी नेमकी तिथे गेले होते. रंधा मशिन, वेल्डिंगचं मशिन, करवती, सगळं धुऊन पुसून हळद-कुंकू लावलेलं. आणि इस्माईलभाई चपला बाहेर काढून एका बाजूला उभे. पूजा झाल्यावर पेढे तेच वाटत होते. मी म्हटलं, भाई, तुम्हाला चालतं हे? तर म्हणाले, "ह्यांचे हात चालतात म्हनून माजा घर चालतो. त्यांच्या सनाला मी आडवा येऊ? कुनाच्या पूजेला गाडी अडवायची नाय, हा आमच्या बापाचा नियम हाय." आणि पेढा दिला. दुसरा मागितला तर म्हणाले, एकच मिळेल. त्या माणसाच्या चांगुलपणाची जागा मला नेमकी ठाऊक होती, आणि मी तीच दाखवून दिली. माझ्या धर्माचा सण, आणि त्याचा मान राखणारा तो. त्या मानाचाच मी फास केला.

मग मी जनूशेठकडे गेले. त्यांना सांगितलं, दसऱ्याला गाड्यांची पहिली पूजा दारात करून घ्या, नव्या गाड्या पूजेशिवाय उभ्या ठेवू नयेत, संध्याकाळी शेडमध्ये परत ठेवू, कंपनीची काही हरकत नाही. त्या बिचाऱ्याचे डोळे भरून आले. त्यांना पुढचं काहीच माहीत नव्हतं. हे मी स्पष्ट लिहिते — जनूशेठना काहीही माहीत नव्हतं.

मग आम्ही दोघं शेडमध्ये गेलो, पण इस्माईलभाई आधी तयार होईनात. जनूशेठवर त्यांचा जीव होता, पण पैशाच्या बाबतीत भरवसा नव्हता. मग माझ्याकडे बघितलं. "ताई, तुमी सांगता? संध्याकाली परत?" मी म्हटलं, हो भाई, संध्याकाळी परत. "तुमी सोबत जानार?" म्हटलं, जाते ना. बस. उठले आणि खिळ्यावरची तिन्ही स्टेअरिंगं काढली. स्वतःच्या हातानं बसवली, कारागिरांना सुट्टी होती. पान्यानं नट आवळताना जनूशेठना म्हणाले, "तुज्या तोंडाकडं बघून देत नाय, जन्या. ताईंच्या शब्दावर देतो." जनूशेठ हसले. मीही हसले. मी कशी हसले असेन?

दसऱ्याच्या सकाळी मी पहिल्या ट्रकच्या केबिनमध्ये बसून गेले. झेंडूच्या माळा, पुढे आंब्याचे डहाळे, ड्रायव्हर हॉर्न वाजवत निघालेला. फाटकातून तिसरी गाडी बाहेर पडली तेव्हा मी आरशात बघितलं. इस्माईलभाई फाटकाशी उभे राहून हात हलवत होते. पुस्तकातलं ते वाक्य तेव्हा माझ्या डोक्यात आलं की नाही? आलं. ताबा गेला, असं मी मनात म्हटलं. अगदी याच शब्दांत.

आणखी एक सांगते, कारण याची मला जास्त लाज वाटते. साहेबांची माणसं जातानाच गाड्या अडवणार होती. मी म्हटलं होतं, नको सर, आधी पूजा होऊ दे, परतताना घ्या. मोठं मन दाखवलं होतं मी! तेव्हा मला वाटलं होतं, आपण निदान देवाधर्माचं तरी पाळलं. तर जनूशेठच्या दारात पूजा झाली. चाकाखाली लिंबं ठेवली, नारळ फुटले, सगळं गाव जमलेलं. त्यांच्या आईनं मला कुंकू लावलं. माझं लग्न झालं नव्हतं म्हणून ओटी भरता येईना, तर नारळ हातात दिला आणि माझी हनुवटी धरून म्हणाली, "तुज्यामुलं झाला गो पोरी, नायतर आमच्या गाड्या तशाच सडल्या असत्या." लोकांनी मला आपट्याची पानं दिली. मी सगळ्यांच्या पाया पडले. कशाकशाच्या पाया पडले मी त्या दिवशी!

परतताना मी कळंबोलीच्या फाट्याच्या अलीकडेच उतरले. म्हटलं, घरी सण आहे, आई वाट बघत असेल, मी इथून रिक्षानं जाते. ड्रायव्हर म्हणाला, बरं मॅडम. पुढे फाट्यावर आमची माणसं उभी होती. जागा मी सांगितली होती, वेळही मीच. भांडण नाही, तंटा नाही. हप्ते थकलेले, कागद आमच्याकडे, गाड्या रस्त्यावर. संध्याकाळपर्यंत तिन्ही गाड्या माळांसकट कंपनीच्या यार्डात उभ्या होत्या. आणि इस्माईलभाई शेडचं फाटक उघडं टाकून खुर्ची घेऊन बसले होते, असं नंतर कळलं.

दुसऱ्या दिवशी मी कळंबोलीला गेले. का गेले? चौकशी करायला, असं स्वतःला सांगितलं. खरं म्हणजे त्यांना माझा संशय आलाय का ते बघायला गेले. त्यांना बघितलं आणि मला रडू फुटलं. नाटक नव्हतं ते. पण ते भीतीचं रडणं होतं, आणि त्यांनी ते दुःखाचं समजलं. पाण्याचा ग्लास दिला. म्हणाले, "तुमी नका रडू. तुमाला बी बनवला त्यांनी." मग माझ्यासमोर बसून विचार करायला लागले. बोटांवर मोजून — "फाट्यावर कधी येणार ते कुनाकुनाला ठाव होता? मला. मी तर सांगितला नाय. तुमाला. तुमी तर रडताय. मंग उरला कोन?" आणि त्यांचा चेहरा बदलला. असा चेहरा मी त्यांचा आधी कधी बघितला नव्हता. ओरडले नाहीत. अगदी हळू म्हणाले, "जन्यानं हप्ते माफ करून घेतले असनार. माजं घर विकून."

तिथे एक वाक्य बोलायचं होतं. 'नाही भाई, जनूशेठ नाहीत' एवढंच. मी ग्लासातलं पाणी प्यायले.

हे एक. अजून एक आहे, आणि हे फक्त वकिलालाच करता येण्यासारखं पाप आहे. काही दिवसांनी ते वाशीच्या ऑफिसात आले. इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून आले होते, त्यात ते वेगळेच दिसत होते. साहेबांनी केबिनच्या दारातूनच वाटेला लावलं: गाड्या आमच्या, तुमचा हिशेब मालकाकडे मागा. मग ते माझ्या टेबलाशी आले. उभेच राहिले. विचारलं, "ताई, खरं सांगा. कायद्यात माजं काय राहिलं का?"

मी म्हटलं, "ताबा गेला, भाई. आता काही नाही."

हे खोटं नव्हतं. अर्धं होतं. पुस्तकात ते वाक्य संपत नाही तिथे. कारागिरानं स्वखुशीनं वस्तू सोडली तर हक्क जातो. पण त्याला फसवून, खोटं सांगून ती बाहेर काढली असेल तर जात नाही. कोर्ट म्हणू शकतं, की ताबा गेलाच नाही, याचे पैसे आधी द्या. हे मला माहीत होतं. दसऱ्याच्या आधीच मी ते काढून वाचलं होतं. कशासाठी वाचलं असेल, सांगा बघू? आपण पकडले जाऊ का ते बघायला. पण कोर्टात फसवणूक सिद्ध करायला साक्षीदार लागतो. संध्याकाळी परत येतील असा शब्द कुणी दिला होता? मी. गाड्या फाट्यावर कधी येणार ते कंपनीला कुणी सांगितलं होतं? मी. त्यांच्या सगळ्या केसचा एकच साक्षीदार टेबलाच्या या बाजूला बसला होता, आणि तो त्यांना सांगत होता की काही राहिलेलं नाही.

त्यांनी मान हलवली. जाताना म्हणाले, "जाऊ द्या. तुमी जपून राहा हां, ही लोकं बरी नायत." आणि जिना उतरून गेले.

शेड गेली. वखारवाल्यानं मशिनं उचलली, जागा दुसऱ्यानं घेतली. इस्माईलभाई त्याच कळंबोलीत, तीन शेड सोडून, दुसऱ्याच्या हाताखाली रोजावर कामाला लागले. मी साहेबांना सांगून त्या बाजूच्या फेऱ्या बंद करून घेतल्या. एकदा कामासाठी गेले तर लांबूनच दिसले — फळ्या उचलत होते आणि दुसरंच कुणीतरी त्यांच्यावर ओरडत होतं. मी रिक्षावाल्याला मागे वळायला सांगितलं. मला बढती मिळाली, वेगळी केबिन नाही पण पार्टिशन मिळालं. वडिलांनी मार्केटात पेढे वाटले. दशक संपता संपता ती कंपनीही बसली, जशा बऱ्याच बसल्या, आणि मी दुसरीकडे लागले. यातलं काहीही शिक्षा म्हणून सांगत नाही. मला शिक्षा झालेली नाही.

इस्माईलभाई गेल्याचं मला उशिरा कळलं. जुना रंगारी पनवेलच्या बाजारात भेटला, त्यानं सांगितलं. हृदयविकाराचा झटका. मी मोऱ्याला गेले. इतकी वर्षं तोंड चुकवलं, मग तेव्हा का गेले? माणूस उरला नव्हता म्हणून धीर आला असेल. दुसरं काय!

त्यांच्या बायकोला, हमीदाभाभींना, मी आधी कधी भेटले नव्हते. पण नाव सांगितल्याबरोबर त्यांनी माझे दोन्ही हात धरले. आत नेलं, चहा ठेवला, बशीत नानकटाया काढल्या. म्हणाल्या, तुमचं नाव या घरात नेहमी निघायचं. मग सांगायला लागल्या. कुणीतरी इस्माईलभाईंना म्हणे तेव्हा सल्ला दिला होता की कोर्टात जा, फसवून गाड्या नेल्या म्हणून दावा लावा. पैसे जमवून वकीलही बघितला होता. त्या वकिलानं सांगितलं, त्या कंपनीतल्या बाईंना साक्षीला बोलवावं लागेल. "तर हे म्हनाले, नको. ती पोरगी माथाड्याची हाय, कष्टानं शिकलीय. कंपनीविरुद्ध बोलली तर तिची नोकरी जाईल. माजा गेला तो गेला." भाभी हे मला चांगली बातमी सांगावी तसं सांगत होत्या. मी नानकटाईचा तुकडा मोडला होता, तो बशीत परत ठेवला.

म्हणजे मी गप्प बसायची काही गरजच नव्हती. ते मला विचारणारच नव्हते.

तेव्हा तरी सांगायला हवं होतं ना? माणूस गेलेला, कंपनी गेलेली, मला कुणाची भीती? मी तोंड उघडलंही. शपथेवर सांगते, उघडलं होतं. पण भाभी पुढे बोलायला लागल्या, जनूशेठबद्दल. म्हणाल्या, मयतीला आला होता तो. फाटकाशी रडत उभा होता, खांदा देऊ द्या म्हणत होता. त्यांचे मुलगे पुढे गेले आणि त्याला तिथूनच परत लावलं. आत पाऊल टाकू दिलं नाही. भाभींचं मन तेव्हापासून खात होतं — लहानपणापासूनचा दोस्त, दारातून परत पाठवला, बरं केलं का आम्ही? यांनी शेवटपर्यंत त्याचं नाव घेतलं नाही हे खरं, पन मानूस तर रडत होता.

आणि मग त्यांनी मला सरळ विचारलं. "ताई, तुमी तिथं व्हतां. तुमाला ठाव आसनार. जनूनंच सांगितलं ना कंपनीला?"

घरात दुसरं कुणी नव्हतं. घाई नव्हती. त्या माझ्या तोंडाकडे बघत होत्या.

मी म्हटलं, "हो भाभी. त्यांनीच."

त्यांनी मोठा श्वास सोडला. म्हणाल्या, "मंग बरं केलं पोरांनी." आणि माझ्या कपात आणखी चहा ओतला. तो मी प्यायले, त्यांचा निरोप घेतला आणि जेट्टीपर्यंत चालत आले.

जनूशेठ अजून आहेत. थकलेत, कुणाकडे जात-येत नाहीत असं ऐकते. आपल्याला दोस्ताच्या मयतीतून का परत पाठवलं, ते त्यांना आजही माहीत नाही. मला माहीत आहे.